फ्रंट कॅमेरा

कुंडीतल्या गुलाबाचा फोटो असू दे नाहीतर नव्या चादरीचा, त्यात निम्मं तोंड आईचंच असायचं. शेवटी थोरल्या लेकाने घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत तिची शिकवणीच घेतली.

“आई, फ्रंट म्हणजे पुढचा कॅमेरा. त्यात आपणच दिसतो. समोरचं काढायचं तर मागचा लावायचा. कितीदा सांगू?”

बहिणींनी, भावजयांनी मनसोक्त हसून घेतलं. त्यानंतर आईने फोटो टाकणंच बंद केलं.

सुट्टीत घरी आल्यावर, आता हिला एकदाचं नीट शिकवावं म्हणून त्याने तिचा फोन घेतला आणि मागचा कॅमेरा लावला. स्क्रीनवर काळाकुट्ट अंधार. तेव्हा कुठे त्याला आठवलं. हा त्याचाच जुना फोन. “अगदी नव्यासारखा आहे गं,” म्हणत त्याने तो आईच्या हातात ठेवला होता. मागच्या कॅमेऱ्याने त्याच्याकडे असतानाच मान टाकली होती, तेवढं सांगायचं मात्र त्याने सोयीने टाळलं होतं.

“अगं, मग ग्रुपवर बोलायचं नाहीस का?” त्याची मान वर होईना.



“कशी बोलणार? लेकाने नवाकोरा फोन घेऊन दिला, असं सगळ्यांना सांगून बसले होते ना!”