थिअरी नको

पाठ धरली म्हणून सिडनीतल्या पॅरामाटाच्या लिनबाईंकडे ॲक्युपंक्चरला गेलो. "आधी जीभ दाखवा," त्या म्हणाल्या. "अंगात उष्णता किती आहे ते बघू."

मी पडलो पुण्याचा इंजिनियर. ऐकून घेतोय होय! "तुमची ती जुनी थिअरी राहू द्या. उष्ण-थंड असलं काही सायन्समध्ये नसतं. सुया तेवढ्या टोचा."

"नो वरीज," म्हणत त्यांनी सुया टोचल्या. पाठ जरा मोकळी झाली. निघताना त्यांनी आल्याचा चहा पुढे केला.

"छे छे!" मी घाईघाईने कप मागे सारला. "डिसेंबरच्या या उन्हात आलं? मला फार उष्ण पडतं हो."

लिनबाईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"बसा. आता जीभ दाखवा."