बारा नंबरची पाटी

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कैरोच्या शुब्रा भागात, इब्न सालिम रस्त्यावरच्या बारा नंबरच्या इमारतीला शिडी लागली. शिडीवर शहाता नावाचा कामगार ड्रिल घेऊन उभा होता. खाली फुटपाथवर कापडात गुंडाळलेली पितळी पाटी होती. तिच्यावर कोरलं होतं : ‘संगीतकार फिक्री नसीम या घरात राहत होते.’

अशी पाटी लागलेली इमारत पाडायला सहजासहजी परवानगी मिळत नाही, हे भागातल्या घरमालकांना आणि भाडेकरूंना सारखंच ठाऊक होतं. बारा नंबर पाडण्यासाठी मालकाने केलेला अर्ज न्यायालयात होता, सुनावणी येत्या रविवारी; तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी-शनिवारी असते. चार मजल्यांच्या त्या इमारतीत दोनच भाडेकरू उरले होते. तिसऱ्या मजल्यावर एकोणऐंशी वर्षांच्या सित्त इन्साफ, म्हणजे इन्साफबाई, आणि तळमजल्यावर, जिन्याखाली, इस्त्रीवाला वस्फी, ज्याला सगळे अम्म, म्हणजे काका, म्हणायचे.

वारसा कार्यालयाच्या मॅडम शाहिनाझना दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. रस्त्यावरचे जुने रहिवासी, सत्तरी ओलांडलेले. इन्साफबाईंनी चष्मा वर राहिल्याचं सांगून न वाचताच सही केली होती आणि त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“अम्म वस्फी, तुम्ही इथे करा. फिक्री नसीम इथे राहायचे, एवढंच आहे.”

वस्फीने इस्त्री उभी केली, हात पुसले आणि कागद सावकाश वाचला.

“इथे नव्हते राहत.”

“घ्या!” शिडीवरून शहाता म्हणाला. “मॅडम, भोक पाडू की खाली उतरू?”

“तू गप्प बस रे. अम्म, त्यांच्या ओळखपत्रावर पत्ता आहे. बारा, इब्न सालिम. बघा की.”

“ते तेव्हाचं बारा. चौसष्ट साली नंबर उलटे झाले. आधी कालव्याकडून मोजायचे, मग स्टेशनकडून मोजायला लागले. तेव्हाचं बारा म्हणजे आताचं बेचाळीस.”

मॅडमनी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. बेचाळीस नंबरला सहा वर्षांपूर्वी बांधलेला तेरा मजली टॉवर होता. खाली मोबाईलचं दुकान.

“तेव्हा तुम्ही केवढे होता?”

“दहाचा. बाबा इस्त्री करायचे, मी पोचवायचो. उस्तादांचे शर्ट पाचव्या मजल्यावर. आम्हाला पुढचा जिना बंद, मागच्या लोखंडी जिन्याने चढायचं, शर्ट असे आडवे धरून.” त्याने दोन्ही हात पुढे केले. “या घराला पाचवा मजला आहे कुठे?”

“मोठा आला मजले मोजणारा,” इन्साफबाई म्हणाल्या. “दर शुक्रवारी यायचे ते. आईच्या हातची मुलुखियाची पालेभाजी खायचे आणि आमच्या दिवाणखान्यात ऊदच्या तारा छेडत बसायचे. गाणी इथे झाली, वस्फी. तिकडे नुसते झोपायला जायचे.”

“झाली असतील, सित्त. मला घर विचारलंय.”

“दर शुक्रवारी?” मॅडमनी पेन उचललं. “किती वर्षं?”

“सात. आठ म्हणा.”

“मग झालं की! एवढ्यावर मला चालतं. करा सही, अम्म.”

वस्फीने पुढे केलेलं पेन घेतलं आणि नुसतं हातात धरलं. मॅडमनी आवाज खाली आणला.

“हे बघा, बेचाळीसला पाटी लावता येत नाही. ते घरच उरलं नाही. इथे नाही लागली तर फिक्री नसीम कुठेच राहत नव्हते असं होईल. आणि तुमचं दुकान याच भिंतीत आहे, विसरू नका.”

“म्हणूनच मी धजत नाही. लोक म्हणतील, दुकान वाचवायला केली.”

“आणि नाही केलीस तर काय म्हणतील?” इन्साफबाईंनी विचारलं. “म्हातारीला रस्त्यावर काढली म्हणतील. माझ्या लग्नात डोक्यावरून घेतलेला पडदा तुझ्या बापाने इस्त्री केला, वस्फी. या घरात.”

“हो. या घरात केला. त्याची सही मागा, आत्ता देतो.”

शहाता हसला. दुसरं कुणी हसलं नाही. वस्फीने पेन परत दिलं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी शिडी निघाली. भिंतीला पेन्सिलीच्या चार खुणा तेवढ्या राहिल्या. मॅडमनी साक्षीच्या कागदावर ‘दुसरा साक्षीदार असहमत’ असं लिहिलं आणि निर्णय समिती घेईल असं सांगितलं. समिती कधी बसेल ते त्यांना माहीत नव्हतं. कार्यालयाची गाडी दुसऱ्या कामाला गेली होती, म्हणून पाटी वस्फीच्याच दुकानात, घडी केलेल्या चादरींमागे ठेवण्यात आली. इन्साफबाई त्याच्याकडे न बघता जिना चढून गेल्या.

साडेचार वाजता तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. तिच्यात एक काळा झगा होता.

“रविवारी सुनावणीला घालायचाय,” इन्साफबाई गॅलरीतून ओरडल्या. “बाह्यांना चुण्या राहायला नकोत.”

“उद्या देतो, सित्त.”

“आणि रविवारी दुकान बंद ठेव. माझ्या वकिलाला साक्षीदार हवा होता. मी तुझं नाव दिलंय.”

“माझं? आज ऐकलंत ना मी काय बोललो ते?”

“ऐकलं. बहिरी नाही मी. पण मी इथे राहते, हे तरी खरं सांगशील की नाही? दुसरं कोण उरलंय सांगायला?”

टोपली रिकामी वर गेली.

बुधवारी सकाळी नऊच्या आत झगा इस्त्री होऊन वर पोचला. वकिलाने दुपारपर्यंत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वस्फी इस्त्री करत राहिला आणि दुकानातला फोन वाजून बंद झाला.