राखणदाराचा घास

गोराईला तंबूत शनिवार घालवायची हौस सर्वेशची, माझ्या नवऱ्याची. दिवसभर पाऊस, आणि आत ओल्या मोज्यांचा कुबट वास. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "आधी जागेच्या राखणदाराक घास काढून ठेवा, मगे जेवा." जागा राखणारं अदृश्य दैवत वगैरे न मानणारा सर्वेश आधी जेवला. मी आठवण करून दिली तेव्हा चघळलेली कोंबडीची तंगडी झाडाखाली भिरकावून हसला, "घे रे बाबा!"

"उष्टं देतोस? शी!"

चहाबरोबर बिस्किटांचा नवा पुडा फोडला. प्रत्येक बिस्किटाचा लचका तोडलेला होता, कडा लाळेने ओल्या.

"उंदीर असेल," सर्वेश म्हणाला.

बंद पुड्यात?

मग मी घरून आणलेलं उकडलेलं अंडं सोललं. कवच अखंड होतं. आत पांढऱ्यावर दात उमटले होते, आणि बोटांना कोमट थुंकी लागली.

"आत्ताच्या आत्ता निघायचं!" मी ओरडले.

सर्वेश रेनकोट गळ्यापर्यंत बंद करून तंबूच्या दोऱ्या सोडायला बाहेर गेला. परत आला तेव्हाही चेन तशीच होती. रेनकोट कुठे फाटलेलाही नव्हता.

"नमिता, पाठीला आतून काहीतरी चिकट लागतंय गं. रेनकोट काढतो, जरा बघ ना."

"काढू नकोस," मी म्हटलं.