दुबईचं गिऱ्हाईक

जिल्ह्यातच ड्राय पोर्ट झालं आणि आष्टीच्या बंडूजींची संत्री पहिल्यांदा दुबईला निघाली. इथे सील झालेला कंटेनर आता थेट तिकडेच उघडणार होता. आठवडी बाजाराच्या सवयीने बंडूजींनी डागी, बारकी फळं पेटीच्या तळाशी दडपली आणि वर टपोरी रचली. त्यांच्या बायकोने, कुंताबाईंनी, पदर खोचला आणि भरलेली पेटी सरळ पालथी केली.

"काऊन वं? दुबईवाला इथं भांडाले येनार हाय का?" बंडूजी भडकले.

"तेच तर!" कुंताबाई डागी फळं बाजूला काढत म्हणाल्या. "बाजारातली बाई भांडते, शिव्या देते, अन् पुढच्या बाजारी वापस आपल्यापाशीच येते. तो भांडनार बी नाई, अन् येनार बी नाई."