दोन सूर

संचालकाची छडी खाली आली, वाद्यवृंद गप्प झाला आणि सत्तरीच्या एस्तेरबाई पियानोवर एकट्या उरल्या. कॉन्चेर्टोत, म्हणजे एकट्या वादकाने वाद्यवृंदासोबत वाजवायच्या रचनेत, ही जागा पियानोवादकाची असते. त्याने हवं तितकं वाजवावं. शेवटी शेजारचे दोन सूर आलटून पालटून थरथरले, की संचालकाने छडी उचलून सगळ्यांना आत घ्यावं.

वीस वर्षांपूर्वी याच संचालकाने, नेव्हिलने, त्या सुरांची वाट पाहिली नव्हती. बाई रंगात असतानाच त्याने वाद्यवृंद सुरू केला आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटला, "बाई विसरल्या." त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. ते दोन शब्द मात्र त्यांनी जपून ठेवले. आज ठरलेला वादक आजारी पडला, म्हणून फोन आला. सकाळी तालमीत नेव्हिल हसून म्हणाला होता, "मावशी, थोडक्यात आटपा हं. या वयात कशाला धोका?"

"तू फक्त माझे सूर ऐक, बाळा," बाई म्हणाल्या होत्या.

आता ते दोन सूर थरथरले. नेव्हिलने छडी उचलली. बाई हळूच दुसऱ्याच सुरावटीत शिरल्या. वर गेलेली छडी तशीच खाली आली. पुन्हा सूर थरथरले, पुन्हा छडी वर, पुन्हा बाई निसटल्या. प्रेक्षकांत खसखस पिकली.

तिसऱ्यांदा सूर थरथरले तेव्हा नेव्हिलने हात हलवलाच नाही. या वेळी मात्र ते खरे होते. बाईंनी मुख्य व्हायोलिनवाल्याकडे पाहून मान हलवली आणि अख्खा वाद्यवृंद एकदम आत आला.

छडी सगळ्यांच्या नंतर हलली.

"संचालक विसरले वाटतं," पहिल्या रांगेत कुणीतरी म्हणालं.