लंबकाच्या टेबलावरची पट्टी

"मामा, दुसरं स्टॉपवॉच द्या ना."

"दोन झाली, हे तिसरं मागतेयस. घड्याळाचा काही दोष नाही, बाळ. साडेचार वाजलेत."

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सामान काढून देणं आणि परत कपाटात लावणं, हे मामांचं एकतीस वर्षांचं काम. लंबकाच्या टेबलाशी उभी होती ती सेकंड इयरची मुलगी. वर्गात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. तिच्या जर्नलात बाराव्या प्रयोगाचं पान तेवढं कोरं होतं. पाच वाजता समोरच्या टेबलाशी बसलेल्या प्राध्यापक बाई सह्या करायचं थांबवणार होत्या, आणि सही नाही तर परीक्षा नाही. बाकीच्यांनी केव्हाच सह्या घेऊन पोबारा केला होता.

या पोरीवर मामांचा भारी जीव. आठवडाभर मागे लकडा लावून त्यांनी तिच्याकडून अकरा प्रयोग लिहून घेतले होते. भिंगाच्या प्रयोगात ती खिडकीबाहेरचं झाड कागदावर उलटं पाडत बसली, तेव्हा तर त्यांनी भिंगच काढून खिशात घातलं होतं. "आधी लिही, मग काय तो विचार कर," हे वाक्य म्हणून म्हणून त्यांच्या तोंडाला फेस आला होता.

प्रयोग तसा सोपा. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे, दोऱ्याची लांबी घालून गणित करायचं, की पृथ्वीच्या ओढीचा आकडा मिळतो. तो पुस्तकात छापलेलाच असतो.

"अगं, नऊ पूर्णांक आठ लिही आणि मोकळी हो. सगळे तेच लिहितात."

"पण येत नाहीये ना तेवढं!" तिने कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "दोरा मीटरभर असला की नऊ पूर्णांक नऊ. अर्धा मीटर केला की दहा. आणखी आखूड केला तर दहाच्याही वर. मी चुकले असते तर कसंही वेडंवाकडं चुकले असते. ही चूक शिस्तीत चाललीय, मामा. लांबी मोजताना दर वेळी तेवढाच काहीतरी घोळ होतोय."

मामांची नजर टेबलावरच्या लाकडी मीटरपट्टीवर गेली आणि तिथेच अडकली.

त्या पट्टीचं टोक त्यांनीच कापलं होतं. बावीस वर्षांपूर्वी लाकडाच्या चिरफळ्या निघाल्या, म्हणून करवत घेऊन त्यांनी बरोबर रेघेवर एक सेंटिमीटर उडवला होता आणि पॉलिशपेपरने घासून टोक गुळगुळीत केलं होतं. लाकूड नीट झालं, एवढंच तेव्हा त्यांनी पाहिलं. त्यानंतर इतक्या वर्षांत एकाही माणसाने तक्रार केली नव्हती.

मुलीने आता दोरा धरणारा वरचा क्लॅम्प खोलायला घेतला होता. पावणेपाच झाले. ही पोर पाच काय, सात वाजेपर्यंत शोधत बसेल, हे मामांना पक्कं माहीत होतं. आपण गप्प बसलो तर आपली लाज राहील आणि हिचं वर्ष जाईल.

"क्लॅम्प राहू दे," ते हळूच म्हणाले. "पट्टीचं टोक बघ."

तिने नखाने रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग तिचा चेहरा असा खुलला, की मामांना क्षणभर आपला गुन्हाच विसरायला झालं.

"मामा! हिला पहिला सेंटिमीटरच नाहीये!"

"नाही. मीच कापला."

रागावण्याचं तिला सुचलंही नाही. तिची मान जुन्या जर्नलांच्या कपाटाकडे वळली होती. "म्हणजे इतक्या वर्षांची ही सगळी... मामा, किल्ली द्या ना. दोनच मिनिटं!"

"लिही!" मामा ओरडले. इतक्या मोठ्याने, की बाईंनीही वर पाहिलं.

ती खाली बसली. प्रत्येक लांबीतून एक वजा केला आणि ओठ दाताखाली धरून गणितं पुन्हा केली. तिन्ही उत्तरं नऊ पूर्णांक आठवर आली. एक का वजा केला, हे तिने खाली एका ओळीत लिहिलं. टोक कुणी कापलं, ते मात्र लिहिलं नाही. पाचला दोन मिनिटं कमी असताना जर्नल बाईंसमोर गेलं.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. पट्टी मागवली. टोकावरून अंगठा फिरवला.

"मामा, ही कुणी कापली?"

"मी." मामा म्हणाले. "टोकाच्या लाकडाची कूस बोटात गेली होती, बाई. तुमच्याच. तुम्ही तेव्हा इथे सेकंड इयरला होतात. रडून नुसता गोंधळ घातला होतात."

बाईंनी जर्नलवर सही केली, खाली तारीख घातली. मुलगी जर्नल उराशी धरून तिथेच उभी राहिली. तिला जा म्हणून सांगायचं बाईंना भान नव्हतं.

"म्हणजे त्याच्या पुढच्या आठवड्यात मी हा प्रयोग केला, तो याच पट्टीने?"

"याच."

"किती आलं होतं माझं?"

मामा घुटमळले. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"नऊ पूर्णांक आठ," ते म्हणाले. "पहिल्या झटक्यात. मी शाबासकीसुद्धा दिली होती."