सरणातलं एक लाकूड

मानमोडीच्या साथीत म्हाळू धनगराची आई गेली, तेव्हा उमापूरच्या सुंदरराव पाटलानं आपल्या रानातली एक फांदीसुद्धा तोडू दिली नाही. आईला जाळायला लाकूड शोधत म्हाळू नाल्यात उतरला. दरडीतून बाभळीसारखं खोड डोकावत होतं. साल होती, गाठी होत्या. कुऱ्हाड घातली तर ठिणगी उडाली आणि पातं तुटलं. किती काळ गाळात पाणी पीत पडलं होतं कोण जाणे, लाकडाचा पार दगड झाला होता. म्हाळूनं आईला तिथंच पुरलं. खाली निखळून पडलेला एक ओंडका तेवढा घरी नेऊन ठेवला.

नऊ वर्षांनी पाटील गेला. रिवाजाप्रमाणे घरटी एक लाकूड सरणावर पडलं. म्हाळूनंही आपलं आणलं. "ओलं हाय, म्हून जड लागतंय," एवढंच बोलला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसं गेली, तर सगळ्या राखेत एकच लाकूड सालीसकट तसंच पडलेलं. हात लावायला कुणी धजेना.

पाटलाचा लेक अर्जुनराव म्हाळूकडं वळला. "म्हाळूबा, असं कावून झालं?"

"आगीनं घेतलं न्हाई, मालक. आग घेत न्हाई ते गंगाबी घेत न्हाई. राख गोदावरीला नेऊ नका. नाल्यात पुरा, माज्या मायच्या पायाशी."

अर्जुनराव खाली मान घालून नाल्याकडं निघाला. कुदळ म्हाळूनं येतानाच आणली होती.